खडक्याचा चेहरा

९ जून

बारक्या,

आशीर्वाद नेहमीचेच. आडवा पडून लिहितोय, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात. मणका सरकलाय, अक्कल जागेवर आहे, तेव्हा सांगतो ते नीट वाच. तिथे चित्रीकरणाच्या फाटकावरच फोन काढून घेतात, मालिकेची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून. आता आपलं बोलणं पत्रातूनच.

पहिली गोष्ट. मी करतो त्या खडक्याच्या मुखवट्याला दोन पिवळे डोळे आहेत ते शोभेचे, त्यातून काही दिसत नाही. बघायचं नाकपुड्यांतून. समोरच्याचे बूट दिसतात, आणि मान मागे टाकली तर हनुवटी. तेवढ्यावर दोन वर्षं काढलीत मी. अंगभर पावडर मारल्याशिवाय त्या कातडीत शिरू नकोस, आणि भरल्या पोटी तर मुळीच नको. तोंडानं आवाज काढायचा नाही, खडक्याचं गुरगुरणं नंतर दुसराच एक जण करतो. आपलं काम फक्त अंगाचं.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची, ती कोरून ठेव. मालिकेच्या पहिल्या वर्षी कप्तानबाईनं खडक्याला शत्रू म्हणून नौकेच्या तळाशी पिंजऱ्यात ठेवलं होतं. त्यानं गजांतून हात बाहेर काढला तर तिनं तापलेली सळई त्याच्या डाव्या पंजावर टेकवली. पुढे नौकेला आग लागली, यानंच सगळ्यांना वाचवलं, तिनं त्याला मोकळं केलं, आणि आता यंत्रघराची किल्ली त्याच्याकडे असते. पण तो हात त्यानं तिच्यासमोर पुन्हा पुढे केलेला नाही. हे कुणी लिहून दिलेलं नाही, माझं मी ठरवलंय. डावा हात कायम पाठीशी, देणंघेणं सगळं उजव्यानं. खडक्या तिच्यासाठी जीव देईल, पण विसरणार नाही.

महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. कातडी माझ्या मापाची, तुझ्याशिवाय ती कुणाला होणार नव्हती, म्हणून साहेबांना तुझं नाव सुचवलं. उसनी दिलीय हे विसरू नकोस. या वर्षाच्या शेवटी खडक्याचा मुखवटा उतरणार आणि आत माणसासारखा चेहरा निघणार, असं दिग्दर्शकसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी कबूल केलंय. त्याच आशेवर मी त्या रबरात उकडून निघालो. आजवर माझा चेहरा एकदाच दिसला. पहिल्या वर्षी खडक्या पाण्याच्या टाकीत वाकून बघतो आणि त्याला आपलं आतलं रूप दिसतं, तेवढाच. पापणी लवेपर्यंत गेलाही. तेवढ्यातही आईनं ओळखलं आणि आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगत होती.

आईला तुझं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं भाग आधीच करून ठेवलेत, मी सुट्टीवर पाठ दुखवून घेतली, आणि तू गोदामात खोकी मोजतोयस. तिच्या लेखी खडक्या म्हणजे मी. डोळे अधू होत चाललेत तिचे, त्यात नसता घोळ नको.

वहिनी म्हणते, पाणी पीत जा.

दादा

२७ जून

दादास नमस्कार. उरतील ते आई-वहिनीला वाटून टाक.

तुझ्या खडक्यानं पहिल्याच दिवशी नौकेच्या पायरीवर लोटांगण घातलं. साहेब म्हणाले, एक भाऊ आडवा पडला म्हणून दुसरा आणला, तर हाही आडवाच. सगळे हसले. मीही हसलो, पण ते आतल्या आत राहिलं. आता जमतंय. बुटांवरून माणसं ओळखायला लागलोय. कप्तानबाईचे बूट टाचेशी झिजलेत. पडद्यामागेही सगळे तिला कप्तानबाईच म्हणतात. मन चांगलं आहे तिचं, मधल्या वेळात नळी नाकपुडीतून घालून पाणी पाजते.

मुखवटा हनुवटीला घासतो, कातडं सोलवटलंय. साचेवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, हा साचा तुझ्या भावाच्या चेहऱ्यावरून काढलेला, तुझा जबडा रुंद पडला, सोसावं लागेल. त्याच्या खोलीत फळीवर तुझा चेहरा ठेवलाय, प्लास्टरचा, डोळे मिटलेला. रोज त्याच्याखाली बसून कातडी चढवतो. लहानपणी तुझ्या देखरेखीखाली पाढे म्हणायचो, अगदी तस्संच वाटतं.

एक मागणं आहे. आईला सांग ना. आता रविवारी लागतात त्या भागांत मी आहे. ती बघते, तुझं कौतुक करते, आणि तू शेजारच्या गादीवर पडून ते ऐकून घेतोस. तुझे आखूड झालेले शर्ट मी घातले, तुझी पुस्तकं वापरली, शाळेत मास्तरांनी हाकही तुझ्याच नावानं मारली. त्याचं काही नाही, धाकट्यांच्या नशिबी ते असतंच. नाचाचे वर्ग काढले ते बुडाले, तेव्हा आई म्हणाली, दादासारखं एका जागी टिकायला शीक. आता टिकलोय. एकदा तिनं म्हणावं, बारक्या बरं करतो.

तुझा बारक्या

४ ऑगस्ट

बारक्या,

कालचा भाग बघितला. तू तिला डावा हात दिलास.

मला वाटलं माझ्या गोळ्यांचा अंमल असेल. मग वहिनीही म्हणाली, अहो, हा तर डावा. ती यंत्रघरात अडकलेली, वरून लोखंड कोसळलेलं, आणि खडक्या सरळ तो भाजलेला पंजा पुढे करतो. ती तो धरते. वर आणि रडते. ज्या हाताला तिनं डाग दिला तोच हात! दोन वर्षं मी तो जपला. लोकांना कळत नव्हतं तरी जपला. एकदा झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या पुलावरून जाताना तोल गेला तेव्हाही मी उजव्यानंच धरलं आणि खांदा दुखवून घेतला. तुला एक गोष्ट सांगून पाठवली होती, तीही पाळता आली नाही. बारा गावचं पाणी प्यालास तरी तुझी धांदल काही जात नाही.

आईचं विचारलंस. सांगणार नाही. काय सांगू, दादा निकामी झाला आणि बारक्यानं त्याची जागा घेतली? या घरात मोठेपण म्हणून एवढी एकच चीज माझ्याकडे आहे, रविवारी संध्याकाळी आई शेजारणींना बोलावून बसवते ती. ती तरी राहू दे.

मी आता बसतो, जिना चढतो. महिनाअखेर येतो. साहेबांना सांग.

दादा

११ ऑगस्ट

दादा,

चुकून झालं. उजव्या हाताचा पंजा पाठीवरच्या पट्ट्यात अडकला, ओढला तर कातडी टराटर फाटली असती. समोर तिचे बूट, वरून धूर. डावा मोकळा होता, तो दिला. मला वाटलं साहेब ओरडतील आणि पुन्हा करायला लावतील. त्यांनी तेच ठेवलं. कप्तानबाई खरोखरच रडत होती. तिला तुझा तो डावा हात माहीत होता, दादा. दोन वर्षं तिनंही तो बघितला होता आणि कुणाला बोलली नव्हती. मला म्हणाली, "मला वाटलं, तू मला माफ केलंस." मला नाही, खडक्याला म्हणाली, पण बघत होती नाकपुड्यांत.

त्यानंतर लेखकांनी पुढची सगळी पानं फाडली. आता ती त्याला यंत्रघरातून वर आपल्या शेजारी बसवते. तो तिचं ऐकतो, ती त्याला आपल्या मेलेल्या मुलाबद्दल सांगते. लोकांची पत्रं पोत्यानं येतायत. तुझ्या वेळी खडक्याला लोक घाबरायचे, आता त्याच्यासाठी रडतात. राग मानू नकोस, पण दोन वर्षं पाठीशी हात धरून रुसून बसणं हे सोपं आहे. ते कुठल्याही घरात दिसतं.

तू येण्याची घाई करू नकोस. साहेब म्हणाले, मुखवटा उतरवायचं पुढल्या वर्षावर गेलंय. तोवर पाठ नीट कर. मी आहेच इथे.

बारक्या

६ सप्टेंबर

बारक्या,

रुसून बसणं सोपं असतं म्हणतोस. बाबा वारल्यावर कॉलेज सोडून मी छापखान्यात लागलो, तेव्हा रुसायला सवडच नव्हती मला. असो. मोठ्यांनी असो म्हणायचं असतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. साहेबांना पत्र टाकलं, उत्तर नाही. तू समोर आहेस, तूच बोल. मी गच्चीवर सराव करतो. अंगावर गादी गुंडाळायची, डोक्याला बादली, आणि खालच्या फटीतून बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला आली आणि हसून हसून खाली बसली. म्हणाली, या वयात लोक देवाचं नाव घेतात आणि तुम्ही बादली घेता. चेहऱ्याला रोज मलई लावतोय तेही सांगून टाकतो, नाहीतर ती तुला कळवेलच. रबरात राहून कपाळाची साल निघाली होती, ती आता भरून आलीय. पुढल्या वर्षी म्हणतोस तर पुढल्या वर्षी, पण चेहरा तयार असलेला बरा.

फक्त एक. डॉक्टर म्हणाले, आईच्या डाव्या डोळ्याचं आता काही होणार नाही आणि उजव्याचा भरवसा देता येत नाही. पुढल्या वर्षी तिला कितपत दिसेल माहीत नाही. साहेबांना हे सांग. विनवणी म्हणून सांग. मी कुणाला फारसं विनवत नाही, तुला माहीत आहे. तिनं मला त्या पडद्यावर एकदा नीट बघावं, पापणी लवेपर्यंत नव्हे, बघून मन भरेपर्यंत. मग खडक्या तुझा. खुशाल दोन्ही हात दे तिला.

दादा

२० सप्टेंबर

दादा,

साहेबांशी बोललो. पुढल्या वर्षीच म्हणतात, त्यांच्याही हातात नाही. कातडी आता माझ्या मापानं कापून घेतलीय, खांद्यात आणि जबड्याला, तुला सैल होईल. यायचं तर ये, पण राहायची सोय नाही, एका खोलीत चौघं झोपतो.

आईच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. तिला दिसतंय तोवर तिनं मलाही बघायला हवं होतं.

बारक्या

१३ ऑक्टोबर

बारक्या,

काल मालिका संपल्यावर जाहिरात लागली. मोठ्या अक्षरात, येत्या रविवारी खडक्याचा चेहरा. आईनं टाळ्या वाजवल्या. मला म्हणाली, लबाडा, बोलला नाहीस.

वहिनीनं माझं न ऐकता ऑफिसात फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलली. म्हणाली, तुमच्या मिस्टरांचं ऐकून आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं, धाकट्यानं ऑगस्टमध्येच सांगितलं की ते आता कधीच चालू शकणार नाहीत, घरी पत्र पाठवून त्यांना त्रास देऊ नका असंही म्हणाला. मी अपंग झालो हे मला असं कळलं. मी तेव्हा बादली घालून गच्चीवर चालत होतो.

भाऊ म्हणून काही विचारत नाही. खडक्याच्या कातडीतला एक माणूस दुसऱ्याला विचारतो, एवढं कशासाठी?

१७ ऑक्टोबर

दादा,

हे पोचेल तोवर रविवार होऊन गेला असेल, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही नाही.

कशासाठी विचारलंस. तू आईला सांगत नव्हतास म्हणून. मुखवटा उतरला की आत मी निघालो असतो, आणि मग तू सांगतोस की नाही हा प्रश्नच उरला नसता. तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं असतं. तुला तिनं एकदा तरी बघितलंय, टाकीतल्या पाण्यात. मला कुठेच नाही. तिचे डोळे जातायत हे तुझ्या पत्रातच वाचलं, आणि तेव्हा सगळं खरं सांगून टाकायचं सोडून उलट मी घट्ट झालो. वेळ कमी आहे असं वाटलं. तुझ्यासाठी कमी तसा माझ्यासाठीही कमीच.

आता पुढचं ऐक, तुला बरं वाटेल. चित्रीकरणाच्या दिवशी मी स्वच्छ दाढी करून, केस विंचरून साचेवाल्याच्या खोलीत गेलो. त्यानं खुर्चीत बसवलं, मान मागे टाकायला लावली आणि डबीतून काहीतरी पातळ, मांसाच्या रंगाचं काढलं. म्हटलं हे काय. म्हणाला, चेहरा. तुझा चेहरा होता तो. फळीवरच्या प्लास्टरवरून त्यानं रबराचा काढला होता, भुवईसकट, गालावरच्या त्या कांजिण्यांच्या खड्ड्यासकट. मी म्हटलं, मुखवट्याखाली मी आहे, माझा चेहरा दाखवा. तो म्हणाला, पहिल्या वर्षी टाकीत दिसला तो चेहरा कुणाचा? बघणारे विसरत नाहीत, त्यांना तोच पाहिजे.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खरं तर त्यालाच आणायचं मनात होतं. पण तू म्हणालास तो उठत नाही. आता निदान चेहरा तरी त्याचा येऊ दे. त्याला किती आनंद होईल बघ." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तुझं पत्र मी त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं, आणि आता तू चालतोस असं सांगितलं असतं तर त्यांनी गाडी पाठवली असती. मग मी खुर्चीत बसलो. साचेवाल्यानं डिंक लावला आणि तुला माझ्यावर चिकटवलं. आखूड झालेले शर्ट संपले, आता हे.

तरीही काम मन लावून केलं. कप्तानबाईनं मुखवटा उचलला, आणि पहिल्यांदा मला तिचा चेहरा सरळ समोर दिसला, बूट नाही. वयस्कर बाई आहे, दादा. दमलेली. मी तिचे गाल दोन्ही हातांत धरले. रडलो ते खरं रडलो. त्यातलं रबरातून किती बाहेर आलं, कुणास ठाऊक.

वर्ष संपलं की इथलं काम संपतं. घरी यावं म्हणतो. आईला एकदा सांग. एवढं झाल्यावर तरी.

बारक्या

२६ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. रविवारी मला काहीच माहीत नव्हतं. तुझं थोबाड बघायचं म्हणून दात-ओठ खात बसलो होतो. आईची खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढलेली. शेजारणी होत्या, समोरचा शिंपी होता, खालचे दोघं-तिघं. वहिनीनं माझा दंड धरून ठेवला होता, मी काही बोलेन म्हणून.

मुखवटा उतरला आणि आत मी.

मी स्वतःकडे बघत होतो आणि तो हसत होता ते माझं हसू नव्हतं. ओठ आधी एका बाजूला जातात आणि मग दुसरी बाजू मागून येते, ते तुझं, चोरून साखर खाल्ल्यावरचं. डावा पंजा तिच्या गालावर गेला तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. पण खरं ते लिहितो, कारण खोटं लिहायला आपल्या घरात तू पुरेसा आहेस. तुझं काम चांगलं होतं. मी असा रडलो नसतो. मला तिथे हात पुढे करताच आला नसता, मी नुसता उभा राहिलो असतो, आणि लोकांनी म्हटलं असतं, काय हा, एवढी वाट बघून हेच का? रागातला अर्धा राग याचाच आहे.

शिंप्यानं मला मिठी मारली. पाठ दुखली, पण मी म्हटलं, थँक्यू. रस्त्यात लोक थांबवतात. भाजीवाली पैसे घेत नाही. काल एका पोरीनं विचारलं, काका, एवढं खरं कसं रडलात? मी म्हटलं, सराव लागतो. वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. तिनं जाहिरात बघून माझ्यासाठी फोन केला होता, आता ती म्हणते, चोर दोघंही आहात, एकाला निदान पश्चात्ताप तरी आहे. कुणाला ते सांगत नाही.

यायचं तर ये. दार बंद ठेवण्याइतका मी हलका नाही. तुझी गादी आहे, भिंतीकडची. पण माझ्याकडून काही मागू नकोस. खडक्या विसरला, ते त्याचं त्याच्यापाशी.

आईला सांगितलेलं नाही. शुक्रवारी तिच्या उजव्या डोळ्यासमोरही धूर दाटल्यासारखं झालं. आता तिला माणसं सावलीसारखी दिसतात. डॉक्टर म्हणाले, शेवटचं स्पष्ट काय दिसलं आठवतं का आजी? ती म्हणाली, माझा मोठा, आणि माझ्या गालावरून हात फिरवून त्यांना दाखवलं. खड्डाही दाखवला.

संध्याकाळी तिनं तुझं विचारलं. म्हणाली, बारक्यानं बघितलं असेल का रे? मी म्हटलं, बघितलं असेल. तर म्हणाली, त्याला लिही. म्हणावं, दादाकडून काहीतरी शीक.

ती समोर बसलीय, म्हणून लिहिलं.

दादा